गाडीच्या रंगावरचा पातळ थर



आजचा विषय पापड-लोणच्याचा नाही आणि पर्वातल्या स्वयंपाकाचाही नाही. आजचा विषय आहे गाडीचा उडालेला रंग. "गाडी म्हणजे पुरुषांचं खातं" असं म्हणून इथेच थांबू नका. रंगाच्या बाटल्या आणि स्प्रेचे डबे येतात आपल्याच घरात. त्यांचा वास आपल्याच माजघरापर्यंत पोचतो, आणि पुसलेली फडकी शेवटी आपल्याच मोरीपाशी येऊन पडतात. म्हणून त्या बाटलीत काय आहे, ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे घरातल्या बाईला कळायला हवं, असं माझं मत झालंय.

आमची गाडी २०१२ सालची, गडद निळी, मेटॅलिक रंगाची. बंगल्याला शेड नाही, त्यामुळे सांगलीचं ऊन तिने बारा वर्षं डोक्यावर घेतलं. आधी बॉनेट भुरकट झालं, ताकाचा हात लागल्यासारखं. मग छतावर पांढुरके चट्टे उठले. त्यांच्या कडा कांद्याच्या सुकलेल्या सालीसारख्या सुटायला लागल्या. इंजिन मात्र ठणठणीत. कुंभोज बाहुबलीला जायचं असो की जाऊबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असो, ती कधी वाटेत बसली नाही. म्हणून आमच्या ह्यांना ती विकायची नव्हती. निवृत्तीनंतर हाताशी वेळ, समोर मोबाईल, आणि मोबाईलवर पाच मिनिटांत जुनी गाडी नवी करून दाखवणारे व्हिडिओ! आठ दिवसांत घरी तीन वस्तू आल्या. एक पुसून लावायची बाटली, एक रबिंग कंपाउंडचा डबा आणि एक स्प्रे.

ह्यांना लहानपणापासून दमा आहे. खिशात पंप असतोच. तेव्हा स्प्रेचा डबा टेबलावर दिसताच मी चष्मा लावला आणि लेबल वाचायला बसले. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जे वाचलं, विचारलं आणि हाताने केलं, ते तुम्हाला सांगते.

आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते बघू. पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. ह्या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं 'क्लिअर' किंवा 'लॅकर' म्हणतात. चकाकी दिसते ती ह्या थराची. खालच्या रंगाचं उन्हापावसापासून रक्षणही तोच करतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे सगळी चमक केसाहूनही पातळ थरावर उभी असते. ऊन सोसणारी द्रव्यं ह्या थरात मिसळलेली असतात, पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती संपत जातात. मग थर आधी धुरकट होतो, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो सुटतो. छत आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून असतात, म्हणून आधी तेच जातात. दारं बरीच वर्षं टिकतात.

मी १९८१ सालची बी.कॉम. त्यामुळे मला हे सगळं हिशेबाच्या भाषेत लवकर कळलं. हा पारदर्शक थर म्हणजे मुद्दल. ऊन दरवर्षी त्यावर घसारा लावतं. कंपाउंड आणि पॉलिश ही बारीक खरवडणारी द्रव्यं असतात. ती वरचा मेलेला भाग काढतात, म्हणून खालचा चांगला भाग चमकतो. म्हणजे ती चमक मुद्दलातून काढलेली असते. मुद्दल शिल्लक असेल तर थोडं खर्चायला हरकत नाही. खातं रिकामं असेल तर कितीही घासा, निघेल तो खालचा रंगच. आणि 'क्लिअर कोट रिस्टोरर' म्हणून मिळणारी पुसून लावायची बाटली काय करते? ती बारीक ओरखडे भरते, भुरकटपणा झाकते आणि वर एक पातळ नवा लेप ठेवते. उडालेला थर ती परत आणत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे पैसे आणि निम्मा मनस्ताप वाचतो.

म्हणून बाटली उघडण्याआधी शिल्लक तपासायची. त्याला खर्च काही नाही.

पहिली परीक्षा पाण्याची. गाडी स्वच्छ धुवा आणि भुरकट भागावर पाणी टाका. ओलं असताना रंग पूर्वीसारखा गडद दिसला आणि वाळल्यावर परत भुरकट झाला, तर दोष वरवरचा आहे. अशा ठिकाणी उपाय चालतो. आमच्या बॉनेटचं तसंच होतं.

दुसरी परीक्षा नखाची. चट्ट्याच्या कडेवरून नख हलकेच फिरवा. पायरीसारखी कड लागली किंवा पापुद्रा उचलला गेला, तर तिथला थर सुटलेला आहे. आमच्या छताचं हे असं होतं. अशा जागी वरून काहीही लावलं तरी त्या लेपाला धरायला घट्ट जमीन नसते. कडेने पापुद्रा सुटतच राहतो आणि त्याच्याबरोबर तुमचा लेपही जातो.

तिसरी परीक्षा पांढऱ्या फडक्याची. एका कोपऱ्यात चिमूटभर पॉलिश लावून पांढऱ्या सुती कापडाने हलकं घासा. मेटॅलिक गाडीचा रंग कापडावर उतरला तर तिथे क्लिअर उरलेलं नाही, लगेच थांबा. काही जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांना मुळातच वेगळं क्लिअर नसतं, रंग आणि चमक एकाच थरात असते. त्यांचा रंग कापडावर येणारच, त्याने घाबरायचं नाही. पण अशा गाडीला काय लावायचं ते आधी विचारून घ्या.

छत आम्ही ओळखीच्या पेंटरना दाखवलं. ते पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, हे सुटलेलं क्लिअर आहे. ह्याच्यावर तूप लावलं काय आणि सोनं लावलं काय, कडेनं उचलणारच. खालपर्यंत पेपर मारून, रंग घेऊन, वर नवीन क्लिअर मारायला लागेल." छताचे साडेचार हजार सांगितले. बॉनेटवर त्यांनी पाणी टाकलं आणि म्हणाले, "हे घरी होईल. पण मशीन लावू नका आणि कडांना घासू नका." बॉनेटच्या कडा आणि मधल्या उभार रेषा इथे थर मुळातच पातळ बसतो, घासला की आधी तिथेच जातो. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

आता त्या स्प्रेच्या डब्याबद्दल. मैत्रिणींनो, हा भाग नीट वाचा.

स्प्रे दोन प्रकारचे असतात. साधा, म्हणजे वन-के. तो हवेत वाळतो. दुसरा टू-के, त्यात हार्डनर वेगळा असतो. डब्याच्या बुडाशी कळ दाबली की तो आत मिसळतो आणि मग लेप रासायनिक क्रियेने कडक होतो. टू-केचा लेप जास्त टिकाऊ असतो, म्हणून व्हिडिओवाले त्याचीच शिफारस करतात. पण ह्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट नावाची द्रव्यं असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा उद्भवू शकतो, आणि ज्याला आधीच दमा आहे त्याला मोठा झटका येऊ शकतो. शिवाय शरीराला एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली, की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. वास येईल तेव्हा सरकू, असंही म्हणता येत नाही, कारण वास जाणवण्याआधीच प्रमाण घातक झालेलं असू शकतं. नाकाला रुमाल, ओढणी किंवा करोनात वापरलेला मास्क ह्यापुढे कामाचा नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. अशा कामाला रंगाची बंद खोली आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो घरी कोणाकडे असतो?

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अगं, उघड्यावरच मारणार आहे. दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "अहो, गाडीला रंग परत मारता येतो. छातीचं काय करायचं?" दोन दिवस आमच्यात अबोला होता. मग पुण्याहून मुलाचा फोन आला. त्यालाही मी लेबलचा फोटो पाठवला होता. तो म्हणाला, "बाबा, आईचं बरोबर आहे. छत पेंटरकाकांना द्या, पैसे मी पाठवतो." पैसे ह्यांनी त्याच्याकडून घेतले नाहीत, पण डबा न उघडता दुकानदाराला परत गेला. माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या उद्योगातली सगळ्यात मोठी कमाई तीच.

राहिलं बॉनेट. ते आम्ही दोघांनी मिळून घरी केलं, पुसून लावायच्या बाटलीने. कसं केलं ते क्रमाने सांगते.

वेळ निवडली दिवाळीनंतरची. पावसाळ्यात हवा दमट असते, लेप नीट वाळत नाही, कधी कधी दुधासारखा पांढरट होतो. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की लेप पसरायच्या आधीच सुकतो आणि पट्टे राहतात. कोरडी हवा, मध्यम ऊब आणि सावली हवी. गाडी आदल्या रात्रीपासून उभीच ठेवली होती, कारण इंजिन गरम असलं तर सावलीतलं बॉनेटही गरमच राहतं. तळव्याला गार लागलं, मगच सुरुवात.

धुवायला दोन बादल्या घेतल्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक वेळी कापड आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत. नाहीतर उचललेली वाळू परत रंगावर घासली जाते. वाळल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवली. पिशवीतून खरखर फार स्पष्ट कळते. खरखर होती, म्हणून क्ले बार वापरला. तो मातीसारखा मऊ गोळा पाण्याच्या ओलाव्यावर हलकेच फिरवला की रुतलेली धूळ उचलतो. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकायचा, त्याला चिकटलेला एक खडाही ओरखडे काढतो.

मग अगदी बारीक पॉलिश, हाताने, मऊ पॅडवर. कडांना आणि उभार रेषांना आधीच कागदी मास्किंग टेप लावली होती. काच, रबर आणि काळं प्लास्टिकही टेपने झाकलं, कारण त्यावर लेप लागला तर डाग जाता जात नाही. शेवटी निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निम्मं पाणी अशा मिश्रणाने पुसून घेतलं. पॉलिशचं तेल राहिलं तर नवा लेप धरत नाही.

आणि त्यानंतर आम्ही लगेच लेप लावला नाही! एका कोपऱ्यात चार बोटं जागेवर लावून २४ तास वाट बघितली. नवं वाण आधी मूठभरच शिजवून बघतो ना आपण, तसं. रंग काळपट झाला नाही, चिकट राहिलं नाही, चट्टा उठला नाही, मगच दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण बॉनेट घेतलं. हातात नायट्राईलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. ह्यांना मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब खुर्चीत बसवलं. ते सूचना देत होते आणि हात माझा चालत होता. बाटली पुसून लावायची असली तरी तिच्यातही सॉल्व्हंट असतो, आणि दमेकऱ्याला तोही नको.

लावताना चार गोष्टी सांभाळल्या. लेप पातळ, एका दिशेने, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत. एकदा आवळायला लागलेल्या जागेवर परत हात फिरवायचा नाही. "इथे थोडं राहिलं वाटतं" म्हणून गेलो की तिथेच ओघळ आणि पट्टा. जाड लेप सुकला तर पुसून निघत नाही, वॉटर पेपरच मारावा लागतो. दुसरा हात द्यायचा का आणि किती वेळाने, हे बाटलीवर लिहिलं असेल तेच खरं, व्हिडिओतलं नाही. नंतर एक दिवस गाडीला हात लावला नाही आणि आठवडाभर धुतली नाही.

आता आगीचं. ह्या बहुतेक बाटल्या ज्वलनशील असतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. तुळशीपाशी दिवा, देवघरात समई, उदबत्ती, स्वयंपाकघरात गॅस, काहीही जवळपास पेटतं असता कामा नये. मी त्या दिवशी पूजा-आरती आटोपून, दिवा शांत झाल्यावर काम सुरू केलं. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. काही तेलं आणि वार्निशं अशी असतात की त्यांनी भिजलेलं, चुरगाळून ठेवलेलं कापड आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर एकेक कापड पसरून पूर्ण वाळू द्या, मग टाका. उरलेली बाटली घट्ट बंद करून, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. उरलेला रस मोरीत ओतू नका.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतोच, म्हणून सांगते. गाडीला लावायच्या काही मेणांत मधमाश्यांचं मेण असतं. आपल्यापैकी ज्या मध वर्ज्य करतात, त्यांनी लेबल वाचून घ्यावं. कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून निघतं, ते वनस्पतीचं. गाडी पुसायचं शॅमॉय मूळचं चामड्याचं असतं. त्याऐवजी मायक्रोफायबर घ्या, काम उलट चांगलं होतं. पॉलिशची काही पॅडं मेंढीच्या लोकरीची असतात, फोमचीही सहज मिळतात. 'लॅकर' हा शब्द ऐकून लाखेची शंका घेऊ नका. हल्लीचं गाडीचं क्लिअर कृत्रिम रेझिनचं असतं. आणि हे काम सकाळीच करा. संध्याकाळी दिवे लागले की चिलटं आणि पाखरं ओल्या लेपावर येऊन चिकटतात. जीव जातो आणि कामही बिघडतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. मला ते इथे फार पटलं. सकाळ निवडायला कष्ट काहीच नव्हते, फक्त आधी विचार करायला हवा होता. टू-केच्या डब्याचंही तेच. डबा वाईट नाही, योग्य खोलीत योग्य हातात तो चांगलंच काम करतो. आमच्या अंगणात, दमेकरी माणसाच्या हातात मात्र तो नको होता.

बॉनेटला आता चौदा महिने झाले. नवं दिसत नाही, पण पाणी थेंबाथेंबाने ओघळतं आणि भुरकटपणा परतलेला नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात किंचित फिकट व्हायला लागलंय, म्हणजे येत्या थंडीत परत एक हात द्यावा लागेल. हा लेप कायमचा नसतो, हे धरूनच चालायचं. छत पेंटरांनी केलं ते मात्र आरशासारखं आहे. दोन्हीचा मिळून खर्च सहा हजारांच्या आत बसला. त्यातले साडेचार छताचे, बाकी बाटली, पॅड, टेप आणि क्ले बार.

पुढे टिकवायचं तर खर्च नगण्य आहे. गाडीवर कापडी कव्हर घाला, पण धुळीच्या गाडीवर नको. वाऱ्याने हललं की तेच खरवडतं. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओलं कापड ठेवून, मऊ करून उचला; उन्हात राहिली तर क्लिअरमध्ये खोल डाग पाडते. बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, क्षाराचे ठिपके बसतात. आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकायची रोजची सवय घरातल्या मंडळींना असेल, तर ती प्रेमाने मोडा.

तुमच्या दाराशी अशी एखादी जुनी, इमानी गाडी असेल, तर आधी तिच्यावर तांब्याभर पाणी टाकून बघा आणि बाटलीचं लेबल स्वतः वाचा. लेबलवर 'आयसोसायनेट' किंवा 'हार्डनर' दिसलं, तर ते काम पेंटरचं. काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा, मला ठाऊक असेल तेवढं सांगेन.

जय जिनेंद्र.